चाळीस की ऐंशी?

कोलकात्याच्या एस्प्लनेडला मी आठवड्यातून एकदा तरी जातो. जाण्यासारखे काम आता उरलेले नाही. पण नोकरीतली कितीतरी वर्षे इथे उतरून रायटर्स बिल्डिंगपर्यंत चालत गेल्यामुळे पायांना ती सवय राहिली आहे. एस्प्लनेड म्हटले की मुंबईकराला किल्ला कोर्ट किंवा काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन आठवेल. शब्द एकच आहे आणि त्यामागचे कारणही एकच: किल्ल्यावरच्या तोफांसमोर शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून मोकळी ठेवलेली जमीन. १७५७ नंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला आणि भोवतालचे जंगल तोडून मैदान मोकळे केले. त्या मैदानाची उत्तरेकडची कड म्हणजे हे एस्प्लनेड. बंगाली माणूस त्याला धर्मतला म्हणतो. २७ मार्च १९०२ रोजी विजेवर चालणारी या शहराची पहिली ट्राम इथूनच खिदिरपूरकडे निघाली आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातली पहिली मेट्रो इथपासून भवानीपूरपर्यंतचे ३.४ किलोमीटरचे अंतर धावली. ट्राम सुरू झाली तेव्हा अंतर मैलांत मोजले जाई, मेट्रो सुरू झाली तेव्हा किलोमीटरांत. मधल्या ऐंशी वर्षांत देशाची मोजपट्टीच बदलली होती.

ट्रामच्या रुळांपासून थोड्या अंतरावर एका खांबावर वेगमर्यादेची गोल पाटी आहे. तांबडे कडे, पांढरी भूमी, काळा आकडा. गेल्या वर्षभरात मी तिच्याकडे अनेकदा पाहत उभा राहिलो आहे. कधी तिचा खालचा भाग कुठल्यातरी सभेच्या फ्लेक्सने झाकलेला असतो, कधी वरचा भाग झाडाच्या फांदीने. चौकातली वाहने अशी रेंगाळत असतात की दिवसा ती मर्यादा मोडायची म्हटली तरी मोडता येणार नाही. रात्री साडेदहानंतर मात्र तीच वाहने चौरंगीवरून सुसाट येतात आणि तेव्हा पाटी अंधारात असते. एखाद्या निवृत्त माणसाने पाटीचे एवढे का मनावर घ्यावे, असे वाचकाला वाटेल. त्याचे कारण पुढे सांगतो.

आधी या पाटीची वंशावळ. रस्त्यावरच्या वाहनाला वेगाची मर्यादा घालण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने वाफेवर चालणाऱ्या गाड्यांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल अशी मर्यादा घातली होती आणि पुढे तांबडे निशाण घेतलेला माणूस चालत असावा अशी अट होती. म्हणजे पहिली वेगमर्यादेची पाटी हा एक जिवंत माणूसच होता. मोटारी वाढल्यावर माणसाची जागा खांबाने घेतली. १९३१ साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने जिनिव्हात रस्त्यावरील चिन्हांबाबत करार झाला आणि मनाई तांबड्या रंगाने व वर्तुळाने दाखवायची ही रीत युरोपभर पक्की होत गेली. १९६८ च्या व्हिएन्ना कराराने तिला जागतिक रूप दिले. भारतानेही पुढे तो करार स्वीकारला. त्या करारात एक मुभा आहे. आकड्याच्या पुढे किंवा खाली किलोमीटर वा मैल दर्शवणारे अक्षर घालता येते, पण ते घातलेच पाहिजे असे नाही. करार करणाऱ्यांनी गृहीत धरले की ज्या देशात आपण गाडी चालवतो त्या देशाचे परिमाण चालकाला ठाऊक असणारच.

हे गृहीतक एखाद्या देशाने परिमाण बदलले की कोसळते. पाटीवर ३० लिहिले आहे. ते तीस मैल की तीस किलोमीटर? ऑस्ट्रेलियाने जुलै १९७४ मध्ये हा प्रश्न रूपानेच सोडवला. त्यांच्या जुन्या पाट्यांना तांबडे कडे नव्हते, नव्यांना दिले; कडे दिसले की किलोमीटर समजायचे. आयर्लंडला हा मार्ग मोकळा नव्हता, कारण तिथे तांबडे कडे आधीपासूनच होते आणि सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये मैल चालूच राहणार होते. म्हणून २० जानेवारी २००५ रोजी बदल झाला तेव्हा तिथल्या प्रत्येक पाटीवर आकड्याखाली किलोमीटरचे चिन्ह आले. खुद्द ब्रिटनने १९७३ मध्ये बदल करायचे ठरवले होते. १९७० च्या अखेरीस मंत्र्यांनी ते पुढे ढकलले आणि आजतागायत ते पुढेच ढकललेले आहे. ज्यांनी आपल्याला मैल शिकवला ते मैलातच राहिले आणि आपण पुढे निघून गेलो.

आपण पुढे गेलो याचे बरेच श्रेय याच शहराला जाते. स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी इथे फणींद्रनाथ सेठ यांच्यासारख्या माणसांनी दशमान पद्धतीसाठी मंडळ काढले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा त्यांना पाठिंबा होता आणि महालनोबिसांचे सहकारी पितांबर पंत पुढे दिल्लीत नियोजन आयोगात त्याच विषयाचा पाठपुरावा करीत राहिले. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. १९५६ च्या अखेरीस वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून ताग, पोलाद यांसारख्या उद्योगांत मेट्रिक मापे सुरू झाली आणि १ एप्रिल १९६२ पासून वजनांसाठी ती सक्तीची झाली. एवढ्या मोठ्या, गरीब आणि बहुसंख्य निरक्षर असलेल्या देशाने हे काही वर्षांत, दंगा न होता पार पाडले, याचे कौतुक आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत मला फारसे सापडले नाही. ज्या कोलकात्यात १९५३ साली ट्रामच्या भाड्यात एका पैशाची वाढ झाली म्हणून रस्ते पेटले होते, त्याच कोलकात्यात चार वर्षांनी पैशाची व्याख्याच बदलली आणि लोकांनी कुरकुर करीत का होईना, ती स्वीकारली.

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला या बदलाची वेगळी आठवण असेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी, औटकी. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते म्हणून मुलांना अपूर्णांकांचे पाढे घोकावे लागत. दशमान आले आणि एका पिढीत ते पाढे शाळेतून गेले. माझ्या वडिलांना ते शेवटपर्यंत पाठ होते. मला निमकीच्या पुढे येत नाही. भाषेने मात्र आपले जुने दप्तर सोडलेले नाही. मैलाचा दगड अजून मैलाचाच आहे, नागपूरचा झीरो माइल अजून माइलच आहे आणि एखाद्या गोष्टीपासून आपण अजूनही कोसो दूर असतो.

रस्त्यावरचा बदल तराजूतल्या बदलाइतका सोपा नव्हता. तराजूत शेराच्या जागी किलो ठेवला की काम भागते, कारण ग्राहक आणि दुकानदार समोरासमोर असतात, घासाघीस करून हिशेब जुळवतात. वेगमर्यादा ही सरकारने न बोलता, चालत्या गाडीतल्या माणसाला एका सेकंदात सांगायची गोष्ट आहे. तिथे घासाघिशीला जागा नाही. शिवाय रूपांतर करायचे म्हणजे काय? ताशी १५ मैलांचे २४.१४ किलोमीटर होतात, २० मैलांचे ३२.१९, ३० मैलांचे ४८.२८. यांतला एकही आकडा पाटीवर लिहिण्याच्या लायकीचा नाही. आकडा पूर्णांकात आणायचा तर वर न्यायचा की खाली, हा गणिताचा प्रश्न नसून धोरणाचा आहे. वर नेला तर तुम्ही मर्यादा सैल केली, खाली आणला तर कडक केली. हा निर्णय कोणीतरी जबाबदारीने घ्यावा लागतो. मी तो एकदा घेतला होता, आणि वाईट घेतला होता.

१९८९ च्या हिवाळ्यातली गोष्ट. मी बंगालमधल्या एका जिल्ह्यात उपविभागीय अधिकारी होतो. महामार्ग एका बाजारपेठेतून जात होता. एका ट्रकने शाळकरी मुलाला धडक दिली, मुलगा वाचला, पण गावाने दिवसभर रस्ता अडवून धरला. मी जाऊन लोकांना शब्द दिला की आठ दिवसांत इथे वेगमर्यादा लागेल. कचेरीत परतल्यावर बडोबाबूंनी, म्हणजे आमच्या मुख्य लिपिकांनी, जुन्या दप्तरातून एक पिवळा पडलेला आदेश शोधून काढला. त्याच ठिकाणी मैलांच्या काळात ताशी १५ मैलांची मर्यादा घातलेली होती.

“सार, नवा आदेश काढायला वेळ लागेल. जुन्याचेच रूपांतर करून टाकू या,” ते म्हणाले.

त्यांनी टिपणीत दोन दशांश स्थळांपर्यंत हिशेब मांडला आणि प्रस्तावात २४ किलोमीटर लिहिले. मी सही केली. गावकऱ्यांना कळावे म्हणून पाटी बंगालीत रंगवावी, हेही मीच माझ्या हाताने टिपणीवर लिहिले. अधिसूचना निघाली, पाटी लागली, आणि महिनाभरात ती जिल्ह्यातल्या चेष्टेचा विषय झाली. ताशी २४ किलोमीटर! कुठल्याही वेगदर्शकावर २४ ला खूण नसते. चालक हसून पुढे जात. वरिष्ठांनी विचारले तेव्हा मी सुधारित प्रस्ताव पाठवला आणि मर्यादा ४० केली. पाटी पुन्हा रंगवली गेली, पुन्हा बंगालीत.

मराठी वाचकाला इथे थोडे थांबून बंगाली आकड्यांचे रूप सांगायला हवे. बंगालीतला चार हा हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसतो आणि बंगालीतला सात इंग्रजी नवासारखा. शून्य सगळीकडे सारखेच. तेव्हा बंगालीत लिहिलेले चाळीस हे बंगाली न जाणणाऱ्या माणसाला सरळ ऐंशी दिसते. त्यात शंकेला जागा राहत नाही, म्हणून तो विचारतही नाही.

१९९१ च्या पावसाळ्यात त्याच पाटीपासून काही पावलांवर एका ट्रकखाली नऊ वर्षांची मुलगी सापडली आणि जागच्या जागी गेली. चालक पंजाबचा होता. मी तोवर बदलून गेलो होतो. खटला उभा राहिला तेव्हा साक्षीसाठी मला परत बोलावले. बचावाच्या वकिलांनी पाटीचे छायाचित्र पुढे केले आणि मला विचारले, “या पाटीवर काय लिहिले आहे?” मी म्हटले, चाळीस. त्यांनी ते छायाचित्र चालकाला दाखवले. तो म्हणाला, ऐंशी. मग त्यांनी मोटार वाहन कायदा उघडला.

१९८८ चा हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला होता. त्याच्या कलम ११२ नुसार विशिष्ट रस्त्यावर वेगमर्यादा घालायची तर अधिसूचना काढावी लागते आणि कलम ११६ खाली योग्य पाट्याही लावाव्या लागतात. आणि कलम ११६ सांगते की या पाट्यांचा आकार, रंग व प्रकार कायद्याच्या परिशिष्टात दिल्याप्रमाणेच असला पाहिजे. राज्य सरकारला वाटल्यास पाटीवरचे शब्द, अक्षरे वा आकडे स्थानिक लिपीतही जोडता येतील, आणि जोडलेले आकडे मूळ आकड्यांसारख्याच आकाराचे व रंगाचे असतील. कायद्यात आहे ते जोडणे. मी केले होते ते बदलणे. मूळ आकडा ठेवून शेजारी बंगाली आकडा लिहिला असता तर पाटी कायदेशीर ठरली असती आणि पंजाबच्या माणसालाही वाचता आली असती. दुसरा मुद्दाही त्यांच्याच बाजूचा होता. कलम १८३ नुसार केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर वेगाचा गुन्हा सिद्ध होत नाही. तो अंदाज एखाद्या यांत्रिक साधनावर आधारलेला असावा लागतो. आमच्याकडे साधन नव्हते. होता तो चहाच्या टपरीवरचा एक साक्षीदार.

चालक संशयाचा फायदा मिळून सुटला. मला त्याच्याबद्दल राग नव्हता आणि आजही नाही. कोर्टाच्या आवारात मुलीचे वडील भेटले. सायकल-व्हॅन ओढणारा माणूस. त्यांनी हात जोडून विचारले, “साहेब, पाटी बरोबर होती की चुकीची?” मी म्हटले, आकडा बरोबर होता. “मग तो सुटला कसा?” याला माझ्याकडे उत्तर होते, कलमांसकट होते; पण त्या आवारात उभे राहून ते देता आले नाही.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप वापरावे असे म्हटले आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ही शब्दयोजना नेहमी मोलाची वाटली आहे. आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो ते मुळात इथूनच अरबांमार्फत युरोपात गेले. संविधानाने त्यांना परके म्हटले नाही, परदेशी फिरून आलेले आपलेच म्हटले. लिपीच्या अभिमानाने मी पाटीवरून जो आकडा पुसला तो आपलाच होता. महाराष्ट्रानेही या बाबतीत निर्धास्त राहू नये. देवनागरी चार घाईने रंगवला आणि त्याचे वरचे तोंड मिटले तर केरळहून आलेल्या चालकाला तो आठच दिसणार. देवनागरी एक तर अनोळखी डोळ्यांना नवासारखा दिसतो. आकड्यांतून ‘दादा’ आणि ‘बॉस’ वाचायला लावणाऱ्या नंबरपाट्यांवर पोलीस अधूनमधून कारवाई करतात. सरकारच्या स्वतःच्या पाट्या तपासायला कोणी जात असेल, असे वाटत नाही.

आपल्याकडे नियमांची वानवा नाही. रस्त्यांचा विचार शास्त्रशुद्ध रीतीने व्हावा याची सुरुवातच एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेली आहे: १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींच्या ओघात १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. तिची पाट्यांविषयीची संहिता १९७७ पासून आहे आणि वेळोवेळी सुधारली गेली आहे. वर्तुळाचा व्यास, कड्याची जाडी, अक्षरांची उंची, खांबाची जागा, रात्री उजेड परतवणारा पत्रा, सगळे तिच्यात आहे. संहितेतली पाटी आणि खांबावरची पाटी यांची गाठ मात्र क्वचित पडते. मी माझ्या वहीत नोंदी ठेवतो. कुठे नुसता आकडा, कुठे त्याखाली इंग्रजीत ‘केएमपीएच’, कुठे ‘केएमएस’, कुठे चौकोनी निळ्या पाटीवर ‘हळू चालवा’. किलोमीटर प्रतितास यासाठी जगभर मान्य असलेले चिन्ह, म्हणजे लहान लिपीत के, एम, मग तिरकी रेघ आणि एच, मला फार थोड्या ठिकाणी सापडले. ट्रकच्या पाठीवर ‘स्पीड ४०’ लिहिलेले असते तीही एक पाटीच; ती ताशी ७० ने आपल्यापुढे धावत असते.

पाटीपेक्षा मोठी त्रुटी पाटीच्या अंताची आहे. व्हिएन्ना कराराप्रमाणे वेगमर्यादा पाटीपासून सुरू होते आणि दुसरी पाटी येईपर्यंत, नाहीतर पुढच्या चौकापर्यंत टिकते. मर्यादा संपल्याची वेगळी पाटीही आहे, पांढऱ्यावर काळ्या तिरक्या रेघांची. ती शेवटची कधी पाहिली हे वाचकाने आठवून पाहावे. एस्प्लनेडसारख्या ठिकाणी दर शंभर-दीडशे पावलांवर रस्ते फुटतात. तिथे एका पाटीने काहीच सांगितले जात नाही. उलट महामार्गावर गावाजवळ ४० ची पाटी लागते आणि गाव संपल्यावर काहीच लागत नाही. कायदा काटेकोर पाळणाऱ्या माणसाने मग पुढच्या जिल्ह्यापर्यंत ४० नेच जायचे का? तो जात नाही. आणि एकदा पाटी न पाळायची सवय झाली की जिथे ती खरोखर जीव वाचवणारी असते तिथेही तो पाळत नाही. माझ्या २४ च्या पाटीने हेच केले होते. तिने त्या गावातून जाणाऱ्या चालकांना पाट्यांकडे बघून हसायला शिकवले.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, त्यांतले ७१.२ टक्के मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात नोंदले गेले. हा रकाना घटनास्थळी पोहोचलेला पोलीस भरतो. त्या ठिकाणी मर्यादा किती होती, तिची अधिसूचना होती का, पाटी दिसत होती का, हे प्रश्न त्या आकड्याच्या पोटात राहतात. सगळा दोष चालकाच्या पायाखाली ढकलला की रस्ता आखणारे, पाटी लावणारे आणि सही करणारे मोकळे होतात. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९८-अ आले आहे. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरवून दिलेल्या निकषांप्रमाणे न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आले तर जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या काळात हे कलम असते तर पिंजऱ्यात मी उभा राहिलो असतो, आणि ते योग्य झाले असते.

मर्यादा किती असावी यावरही आपल्याकडे चर्चा उलट्या टोकाने होते. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी १२० ची मर्यादा अधिसूचित केली; २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. समृद्धी महामार्ग ताशी १५० च्या हिशेबाने आखला आणि मर्यादा १२० ठेवली, याची चर्चा झाली. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ प्रवासी गेले तेव्हाही वाद द्रुतगती मार्गाच्या वेगाचाच रंगला. पण याच अधिसूचनेत शहरांतल्या रस्त्यांवर मोटारींना ७० ची मुभा होती, त्यावर फारसे कोणी बोलले नाही. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगाच्या देशांनी म्हटले आहे की जिथे पायी चालणारे आणि वाहने मिसळतात तिथे मर्यादा ३० असावी. मेट्रिक पद्धतीचा उपयोग इथे होतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. ताशी ७२ म्हणजे २०. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो; तेवढ्यात गाडी पहिल्या वेगाने दहा मीटर आणि दुसऱ्या वेगाने वीस मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर मात्र दुप्पट होत नाही, चौपट होते. चाळीस आणि ऐंशी यांच्यातही हेच नाते आहे.

मला जे सुचवायचे आहे त्यात मोठा खर्च नाही. प्रत्येक वेगमर्यादेच्या पाटीमागे, खांबाच्या बाजूला, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख लिहावी. विजेच्या खांबावर आपण क्रमांक लिहितोच. क्रमांक नसलेली पाटी उतरवावी, कारण कोर्टात ती टिकणार नाही आणि रस्त्यावर ती बाकीच्या पाट्यांची पत घालवते. आकडा आंतरराष्ट्रीय रूपात असावा, आणि स्थानिक लिपीतला आकडा शेजारी त्याच मापाचा, कायदा सांगतो तसा. अपघाताच्या नोंदीत ‘अतिवेग’ लिहिताना जवळच्या पाटीचा क्रमांक लिहिणे बंधनकारक करावे. मग कोणत्या पाट्या कामाच्या नाहीत हे आपोआप समोर येईल. आता कॅमेऱ्यांनी घरपोच दंड येऊ लागले आहेत, त्यामुळे हे अधिकच निकडीचे आहे. यंत्र अचूक असेल, पण ते ज्या आकड्याशी तुलना करते तो आकडा कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर ठरवला हे नागरिकाला विचारता आले पाहिजे.

गेल्या महिन्यात मी एस्प्लनेडच्या त्या पाटीविषयी संबंधित कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे. तीनच गोष्टी विचारल्या आहेत: अधिसूचनेचा क्रमांक, तिची तारीख, आणि पाटी नेमकी कुठून कुठपर्यंत लागू आहे. अर्ज घेणाऱ्या तरुण लिपिकाने तो दोनदा वाचला आणि नम्रपणे विचारले, “काकाबाबू, तुम्हाला चलान आले आहे का?” मी नाही म्हटले. त्याने पोच दिली. तीस दिवसांची मुदत येत्या मंगळवारी संपते.